बर्फाला लागलेला पाय

दुबईतल्या एका मॉलच्या बर्फाच्या हॉलमध्ये चढायला दोन मजली बर्फाची भिंत आहे. तिच्या शेजारच्या काचेतून मेट्रो अगदी जवळून जाताना दिसते. त्याच मेट्रोनं मी रोज ऑफिसला जाते आणि भिंतीवर लोंबकळणारी माणसं बघून ‘यांना दुसरे उद्योग नाहीत’ म्हणते. लेकीच्या हट्टापायी परवा पन्नाशीत मीच तिथं लोंबकळले.

बुटांच्या टोकांना लोखंडी दात होते. लाथ मारून ते बर्फात रुतवायचे, हातातल्या छोट्या कुऱ्हाडी वर मारायच्या. “दीदी, लात मारो! यल्ला, चलो!” दोर धरलेला नेपाळी ट्रेनर खालून ओरडला. मारली. पाय लागला म्हणून माझा उजवा हात आपसूक कुऱ्हाड सोडून बर्फाला टेकला, मग कपाळाला, म्हणजे हेल्मेटला. तोल गेला आणि मी दोरावर झोके खाऊ लागले.

“आई, इट्स जस्ट आइस!” लेक खो-खो हसली.

मला रागच आला. वहीला, झाडूला, माणसाला पाय लागला की नमस्कार करायचा, हे लहानपणापासून अंगात मुरलंय. ते काय हेल्मेट घातल्यावर उतरतं? त्याच रागात लाथा हाणत मी वर पोचले. तेवढ्यात मेट्रो गेली. आतली माणसं तोंड वासून बघत होती. बघा म्हटलं.

मग मी खाली उतरले आणि लेकीची पाळी आली. तिनं इकडंतिकडं पाहिलं, भिंतीला पटकन हात लावला आणि हेल्मेटला टेकवला.

मी मुद्दाम काचेबाहेर मेट्रोच्या रुळांकडं बघत राहिले.