बावीस किल्ट आणि वाढत्या अंगाचं माप

मी वसमतला मुलींच्या एका शाळेत शिवणकाम शिकवते. कापडाच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही, अशी माझी पक्की समजूत आहे. घरचे तिला माझा तोरा म्हणतात. म्हणोत बापडे.

आमच्या शाळेच्या मुलींचा बँड पहिल्यांदाच सव्वीस जानेवारीच्या संचलनाला हिंगोलीला जाणार होता, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. बावीस पोरी, ड्रम, बासऱ्या, झांजा. गणवेश होता, पण धुऊन धुऊन त्याच्या निळ्या रंगाच्या बावीस छटा झाल्या होत्या. मोठ्या बाईंनी मला बोलावून स्पष्टच सांगितलं, "सगळ्यांचे कपडे एकसारखे नसतील तर मी बँड पाठवणार नाही. मुली प्रेक्षकांत बसतील. कपड्यांचं तुम्ही बघा."

पोरींनी नांदेडकडच्या कुठल्याशा शाळेचा बँड मोबाईलवर पाहिला होता. त्या मुलींनी गुडघ्यापर्यंतचे, चौकड्यांचे, दाट चुण्यांचे घागरे घातले होते. त्यांना किल्ट म्हणतात हे पोरींनीच शोधून काढलं, आणि मग दुसरं काही त्यांच्या नजरेत भरेना. मी एक शिवून पाहिला. चुण्या पडल्या, पण चौकडीला चौकडी जुळेना. गावातल्या टेलरने कापड उलटसुलट करून पाहिलं आणि लग्नसराईचं निमित्त सांगून हात वर केले.

उरलं ऑनलाइन. तिथे किल्ट पुष्कळ होते, पण किमती ऐकून आमच्या पालकांना घाम फुटला असता. एकच विक्रेता असा निघाला की ज्याची किंमत इतरांच्या तिसऱ्या हिश्शाइतकीही नव्हती. उत्तरेकडच्या कुठल्याशा गावातला होता. दुकानाचा पत्ता नाही, कौतुकाचे अभिप्राय चारच, आणि चारही एकाच माणसाने बसून लिहिल्यासारखे. मी ठरवून टाकलं की हा लबाड आहे.

पण त्याच्या फोटोंनी मला घोटाळ्यात टाकलं. इतरांच्या फोटोंत गोरेपान परदेशी पुरुष डोंगरावर उभे. ह्याचे किल्ट एका गुलाबी भिंतीसमोर दोरीला टांगलेले, आणि बाजूला घरातला कूलर. मी फोटो मोठा करून चुण्या पाहिल्या. प्रत्येक चुणीवर चौकडी बराबर जुळलेली. मला जे जमलं नव्हतं ते त्याने केलेलं पाहून मला आनंद व्हायला हवा होता. मला रागच आला.

आमचे हे हळदीच्या अडत दुकानात मुनीम आहेत. दिवसभर हळकुंड मोडून आतला रंग बघणाऱ्यांत त्यांचं आयुष्य गेलं. ते म्हणाले, "फोटोवर काहून भांडून राहिली? मोडून बघ ना आधी."

"कापड कसं मोडू?"

"तुकडा मागव."

मी मागवला. आठवड्यात पाकिटातून वीतभर कापड आलं. मी ते उकळलं, पांढऱ्या रुमालावर घासलं, गच्चीवर चार दिवस उन्हात ठेवलं. रंग हटला नाही. मग मी त्याला फोन करून माझ्या हिंदीत बजावलं की पैसे माल हातात आल्यावरच मिळतील. तो लगेच "हां जी" म्हणाला. इतक्या पटकन कबूल झाला, तेव्हा त्यात नक्की काहीतरी काळंबेरं असणार, असं मला वाटलं. संशय घ्यायचाच म्हटला की चांगुलपणाही पुरतो.

मापं घ्यायच्या दिवशी काही आयाही आल्या. वारंगा फाट्यावर चहाचं हॉटेल चालवणाऱ्या एकीची मुलगी बँडच्या पुढे काठी घेऊन चालणार होती. ती बाई म्हणाली, "बाई, जरा वाढत्या अंगाचं घ्या माप. लेकरू लई उंच होऊन राहिलं." तिने सांगायची गरजच नव्हती. आमच्याकडे लेकराचं कापड आजच्या मापाने कोणी शिवत नाही. माझ्या आईने माझा एकही फ्रॉक बेताचा शिवला नाही, आणि मीही आयुष्यभर टेप धरला की चार बोटं जास्त सोडूनच आकडा लिहिला. हात आपसूक तसा चालतो. कमरेला सोडलं, उंचीला सोडलं, यादी केली, वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: मुलींच्या शाळेचा बँड, सव्वीस जानेवारीला संचलन. आणि पाठवून दिली.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. विचारतो काय, तर मुलींची वयं किती? मी म्हटलं, "तुमकू बच्चियोंकी उमर कायकू होना?" तो गडबडला. काहीतरी मापाबद्दल बोलला, ते मला नीट कळलं नाही. मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. या वेळी म्हणाला, मुलींना एका रांगेत उभं करून एक फोटो पाठवा. माझं डोकंच फिरलं. परका पुरुष, चेहरा पाहिलेला नाही, आणि ह्याला पोरींचे फोटो पाहिजेत! मला येतं तेवढं सगळं हिंदी मी त्याच्यावर ओतलं आणि त्याचा नंबर ब्लॉक केला. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

पाठ थोपटून कपडे येत नाहीत. जानेवारी लागला. पोरी रोज मैदानावर सराव करायच्या आणि सुटीत माझ्याभोवती जमायच्या. "बाई, कवा येनार?" मी म्हणायचे, येतील. आता ते येणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. मोठ्या बाई काही विचारत नव्हत्या, ते जास्त लागत होतं. पुढे चालणारी ती पोरगी तर घरून पांढरे मोजे धुऊन आणून माझ्याकडे ठेवून गेली, जपून ठेवा म्हणून. मला तिच्याकडे बघवेना.

संचलनाला पाच दिवस असताना मोठं खोकं आलं. पैसे देऊन फोडलं. वरच एक चिठ्ठी होती, हिंदीत. लिहिलं होतं की मापं मुलींच्या मानाने मोठी वाटली. वयं आणि उंची कळावी म्हणून फोन केला, पण मॅडम नाराज झाल्या. बहुतेक मुली वाढतील म्हणून मापं जास्त धरली असावीत, आमच्या घरीही चार बोटं जास्तच धरतात. म्हणून उंचीचं जास्तीचं कापड आत दुमडून कच्चा टाका घातला आहे, पुढच्या वर्षी उसवा. कमरेच्या पट्ट्याला तीन तीन भोकं ठेवली आहेत.

पोरींनी तिथेच घालून पाहिले. बावीसच्या बावीस गुडघ्यावर बराबर. माझ्या मापाने शिवले असते तर नडगीपर्यंत लोंबले असते, कमरेवरून घसरले असते, आणि भर मैदानात बावीस पोरी एका हाताने वाजवत, दुसऱ्या हाताने कपडे सावरत चालल्या असत्या. मी खुर्चीत बसले. मला फार लाज वाटली.

हिंगोलीला पोरी अशा चालल्या की मी रडले. मैदानाच्या कडेला झाडाखाली जाऊन मी त्याचा नंबर ब्लॉकमधून काढला आणि फोन लावला. काही लपवलं नाही. म्हटलं, तुम्ही स्वस्त देता म्हणून मी तुम्हाला लबाड समजले, माफ करा.

तो हसला. म्हणाला, घरचे तर म्हणत होते की ही मॅडम पळून जाणार. आधी पैसे दिले नाहीत, फोन उचलत नाही. मागे एका बँडवाल्याने असाच माल मागवून परत पाठवला होता. बायकोने कापड कापू नका म्हणून सांगितलं होतं.

"फिर कायकू सिये?" मी विचारलं.

"आपने तारीख लिखी थी ना, मॅडमजी. छब्बीस जनवरी आगे थोडी जाती है."

पोरींचा फोटो पाठवते, एवढंच म्हणाले. फोटो पाठवायला फोन उघडला तर स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं. मीच लिहून ठेवलं होतं: घागरेवाला लबाड. ते पुसलं आणि तिथे काय लिहावं ते कळेना, कारण इतक्या दिवसांत मी त्याला नाव विचारलंच नव्हतं. मी पुन्हा फोन लावला.