उतारावरचा चर

मच्छिंद्र भोई पाण्याकडे जाताना पायात काही घालत नसे. गाळात चप्पल रुतते, हे एक झालं; पण खरं म्हणजे त्याचं निम्मं काम पायच करायचे. इथं वाळू आहे, इथं चिकण, इथं बुडालेल्या बाभळीचं खोड आहे, जाळं अडकेल, हे त्याला तळव्यांनी कळायचं. साठी उलटेपर्यंत त्या पायांनी त्याला फसवलं नाही. गेल्या चार-पाच वर्षांत मात्र तो उताराला लागला की मान खाली घालून, कोंबडीसारखं एकेक पाऊल उचलून टाकायचा. काचच तेवढी होती तिथं.

नेवासे तालुक्यातल्या त्याच्या गावाला धरणाचा फुगवटा लागतो. डांबरी सडकेपासून पाण्यापर्यंत जी मुरमाची वाट जाते तिला सगळे उतार म्हणतात. पावसाळ्यानंतर उतार हाकेच्या अंतराचा असतो, आणि पाणी हटत जाईल तसा लांबत लांबत मे महिन्यात अर्धा कोस होतो. भोयांची पाच घरं संध्याकाळी थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकतात आणि पहाटे काढतात. सातला मासे विकत घेणाऱ्या बजरंगची पिकअप बर्फ घेऊन थेट पाण्याच्या काठापर्यंत येते, तिथंच मासा काट्यावर चढतो आणि नगरच्या बाजाराला जातो. मच्छिंद्रच्या बापाच्या वेळी सायकलवर पाटी जायची. पिकअप आल्यापासून घरं जरा वर आली होती.

मग ही वाट लोकांना सापडली. कोणीतरी सूर्यास्ताचा फोटो मोबाईलवर टाकला म्हणे. आधी मोटारसायकली आल्या, मग चारचाक्या. शिंगणापूरहून परतणारेही वाट वाकडी करून येऊ लागले. गाडी थेट पाण्यात घालायची, चारी दारं उघडून गाणी लावायची, गाडी धुवायची. पाण्यावर तेलाचे रंगीत पट्टे तरंगत राहायचे आणि त्यातच खाली चिलापी माशाची पिल्लं तोंडं वर काढायची. काठावर कोंबडीची पिसं, उलटी, चकण्याची पाकिटं, ग्लास, आणि दारूच्या बाटल्या. रिकामी बाटली शांतपणे ठेवून जाईल तर तो माणूस कसला; ती दगडावर फोडल्याशिवाय त्यांची सहल संपायची नाही.

एकदा ओढताना मच्छिंद्रला जाळं फार जड लागलं. चार-पाच किलोचा कटला मासा असणार म्हणून तो हळूहळू, जीव लावून ओढत राहिला. वर आला तो लहान लेकराचा डायपर. पाणी पिऊन उशीएवढा फुगलेला, भरलेला. त्याला तिथंच ओकारी आली. तो त्यानं काठीनं दूर ढकलला, तर तो वाऱ्यानं फिरून पुन्हा तराफ्यालाच येऊन चिकटला.

काठावर साती आसरांचे शेंदूर लावलेले सात धोंडे होते. पहिलं जाळं टाकताना भोई तिथं नारळ फोडत. एका सोमवारी त्यातले तीन धोंडे जागेवर नव्हते. शोधल्यावर सापडले, त्यांची चूल केली होती. शेंदरावर काजळी, आणि मधल्या राखेत कोंबडीचे पाय.

मच्छिंद्र तरीही कोणाला बोलला नव्हता. भांडण त्याच्या रक्तात नव्हतं. पण त्या डिसेंबरात त्याची बायको लंकाबाई जाळ्यातले मासे सोडवत काठावर बसली होती, उठताना तिचा पाय बाटलीच्या बुडावर पडला. तिला साखरेचा आजार. जखम भरेना. तालुक्याच्या दवाखान्यात शेवटी करंगळीशेजारचं बोट काढावं लागलं.

घरी आल्यावर लंकाबाई पाय पाटावर ठेवून म्हणाली, "एक बोट त्यांच्या पार्टीला वाहिलं. आता पुढच्या रविवारी काय देता?"

मच्छिंद्र उठला आणि थेट चुलतभाऊ गोरक्षच्या घरी गेला. गोरक्षची बायको दिपाली बारावी झालेली, अंगणवाडीत मदतनीस. सगळ्या वस्तीचे अर्ज तीच लिहायची.

"दिपाली, लिही. उतारावर गाड्या बंद करा."

तिनं कागद घेतला. "भाऊ, बाहेरच्या गाड्या बंद म्हणू का?"

"बाहेरच्या न् आतल्या काय? एक सोडली की तिच्यामागं धा घुसत्यात. सगळ्या बंद. वाटच बंद करा म्हनावं."

"सगळ्या?"

"सगळ्या! लई ऐकून घेतलं."

दिपालीनं तसं लिहिलं, मच्छिंद्रनं सही केली, बाकीच्या चार घरांनीही केली. कोणाच्याच मनात आलं नाही. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे ती, पांढरी, काळ्या काचांची, गाणी वाजवणारी. बजरंगची ती पिकअप. तिला गाडी कोण म्हणतं?

पाटबंधारे खात्याचे साहेब अर्ज वाचून खरोखरच आले. रुमाल नाकाला लावून त्यांनी काठ पाहिला, दोन फोटो काढले, "शी" म्हणाले आणि गेले. आठवड्यात जेसीबी आला. सडकेपासून पन्नास पावलांवर, एका अंगाला ओढा आणि दुसऱ्या अंगाला बाभळीचं रान, अशा अडचणीच्या जागी त्यानं आडवा चर घेतला. पुरुषभर खोल, दीड पुरुष रुंद. माणसाला जायला कडेनं वीतभर पायवाट तेवढी राहिली. मच्छिंद्रनं स्वतः जेसीबीपुढं नारळ फोडला. चालवणाऱ्याला चहा पाजला. "अजून हातभर खोल घ्या," असंही तोच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चराच्या पलीकडून हॉर्न वाजला.

बजरंग खाली उतरला होता. चराकडं बघून, मग हॉर्न ऐकून खालून वर आलेल्या पाच जणांकडं बघून तो म्हणाला, "मामा, हे काय केलं? आता उडी मारून येऊ का?"

कोणी हसलं नाही. मच्छिंद्र क्रेट आणायला खाली वळला.

त्या दिवसापासून मासा डोक्यावर आला. एक क्रेट पंचवीस किलोचा, वर चढण, आणि पाणी रोज मागं हटत चाललेलं. तीन-तीन खेपा. वर पोचेस्तोवर ऊन चढायचं, माशाचं पोट मऊ पडायचं, बजरंग बोटानं दाबून बघायचा आणि मान हलवायचा. महिन्याभरात तो सांगून बसला, "मामा, तुमच्यासाठी मी तासभर थांबतो, तिकडं बाजार उठतो. पाडव्यापर्यंत बघतो. मग मला ही लाइन सोडावी लागंल."

आणि ज्यांच्यासाठी चर घेतला, ते? ते गाड्या सडकेला लावून, पिशव्या हातात घेऊन, हसत खिदळत पायवाटेनं खाली यायला लागले. दारू प्यायला माणूस अर्धा कोस हौसेनं चालतो. परत जाताना मात्र हातातलं ओझं त्यांना नको व्हायचं, आणि वाटेत तो चर होताच. ताटल्या, बाटल्या, उरलेला रस्सा, सगळं त्यात. "बरं केलंय सरकारनं, कचऱ्याला खड्डा केला," असं एक जण बायकोला समजावून सांगताना मच्छिंद्रनं स्वतःच्या कानानं ऐकलं. मार्च लागला तशी चराला घाण वास यायला लागला. कुत्री आत उतरून मांस ओढायची. क्रेट डोक्यावर घेऊन त्याच्या कडेनं जाताना नाक धरायला हात मोकळा नसायचा.

गोरक्ष एकदा क्रेट खाली आदळून म्हणाला, "दादा, तुमच्या चरानं मानूस न्हाई अडला. मासा अडला."

"सही तू बी केल्ती."

"केल्ती. तुमचं तोंड बघून केल्ती."

मच्छिंद्र खात्याच्या कचेरीत गेला. साहेबांनी अर्ज काढून दाखवला. "हा तुमचाच ना? सगळ्या गाड्या बंद करा, असं लिहिलंय. आम्ही केलं."

"व्हय, पन साहेब, पिकअप..."

"पिकअप गाडी नाही का, बाबा?"

शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला. चर बुजवायला वरून मंजुरी लागते, असं कळलं. ती कधी येते, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. परतीच्या एसटीत मच्छिंद्र खिडकीला डोकं लावून बसला. पाच घरांची भाकरी त्याच्या एका शब्दानं चराच्या पलीकडं पडली होती, आणि पाडवा तीन आठवड्यांवर होता.

घरामागं कडुलिंबाचं खोड वादळात पडलेलं होतं. ते त्यानं वखारीत नेऊन त्याच्या दोन जाड फळ्या करून आणल्या. एकेक उचलायला चौघं लागत. सातला बजरंग आला की फळ्या चरावर टाकायच्या, चाकं बरोबर फळीवर येतील असं हात करून पिकअप आत घ्यायची, आणि ती गेली की फळ्या ओढून बाभळीत लपवायच्या. पहिल्या दिवशी पिकअप फळ्यांवरून कुरकुरत आली तेव्हा गोरक्षनं शिट्टी मारली. बजरंग म्हणाला, "मामा, टोलनाका काढला का काय?" चार दिवस मासा पुन्हा ताठ पोटाचा बाजाराला गेला. लंकाबाईनं त्या दिवसांत एकदाही बोटाचा विषय काढला नाही.

रविवारी दुपारी मच्छिंद्र जाळं विणत वर सावलीला बसला होता. एक काळी गाडी चराशी थांबली. कानात बाळी घातलेला एक पोरगा उतरला.

"काका, त्या फळ्या टाका की जरा. कळलंय आमाला. आमी काय परदेशातनं आलोय?"

"पायानं जा. पोट कमी हुईल."

आतले सगळे हसले. पोरगाही हसला. "काका भारी हायेत रे." पाचशेची नोट काढून त्यानं बोटात नाचवली. मच्छिंद्रनं तिच्याकडं पाहिलंही नाही, तसा पोरगा म्हणाला, "फळ्या पिकअपवाल्यालाच टाकता व्हय? तो काय जावई हाय तुमचा?"

"मासा नेतो तो. तुमी काय नेता? सोडूनच जाता."

ते बाटल्या घेऊन चालत खाली गेले. मच्छिंद्रला वाटलं, आज आपण बोललो. किती वर्षांनी बोललो! संध्याकाळी तो जरा ताठ मानेनं घरी गेला.

सोमवारी पहाटे क्रेट घेऊन पाच जण वर आले तर बाभळीत फळ्या नव्हत्या. चराच्या कडेलाच मोठी राख होती. तिच्यातून फळ्यांची दोन टोकं बाहेर आलेली, अजून धुमसत होती. ओला लिंब नीट जळाला नाही म्हणून वर रॉकेल ओतलं असावं. तसा वास येत होता. भोवती हाडं, कांद्याची सालं, आणि ओळीनं उभ्या करून फोडलेल्या बाटल्या. एका फळीच्या न जळालेल्या टोकावर कोणीतरी मुतलं होतं. बहुधा विझवायला.

पलीकडं हॉर्न वाजला.

मच्छिंद्र घरी गेला आणि खोरं, टिकाव, पाटी घेऊन आला. मंजुरी गेली खड्ड्यात. पण माती लोटण्याआधी चर साफ करणं भाग होतं. नाही तर काच वर येऊन बजरंगचे टायर गेले असते. तो आत उतरला. गुडघाभर घाण. पिशव्यांमधला भात आंबून पांढरा फेस धरला होता, त्यात अळ्या वळवळत होत्या. एक-एक बाटली उचलून तो वर गोरक्षच्या हातात देत होता, आणि गोरक्ष ती पोत्यात टाकत होता. बोलायला तोंड उघडवत नव्हतं.

लंकाबाई लंगडत आली आणि वर दगडावर बसली. "मी हात लावनार न्हाई. त्यांचं खरकाटं मी उचलनार न्हाई, आदीच सांगते." आणि मग प्रत्येक वस्तू वर आली की ती तिच्या मालकाला शिव्या देऊ लागली. बिर्याणीच्या डब्याला एक, डायपरला दोन, आणि अर्धी खाऊन टाकलेल्या वाढदिवसाच्या केकला इतक्या की बजरंगला पलीकडं हसू आवरेना. "अगं मामी, त्या केकचा काय गुन्हा?"

"त्याच्यावर 'लाडक्या पप्पांना' लिवलंय. पप्पाला इथं आनून बसवला असल!"

अकरा वाजता पिकअपच्या रुंदीएवढा चर बुजला. मच्छिंद्रनं वर उभं राहून पायानं माती दाबली. बजरंगनं गाडी सावकाश आत घेतली. चाकं जरा बसली, पण निघाली. त्या दिवशीचा मासा उन्हानं गेलाच होता, तरी त्यानं काट्यावर घेतला आणि वर बर्फ ओतला. "उद्या सातला," एवढंच म्हणाला. गोरक्षनं मच्छिंद्रच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढला; पाठ घाणीनं भरलेली होती.

पिकअप वर चढून सडकेला लागली तेव्हा तिला वाट द्यायला एक लाल चारचाकी कडेला थांबली होती. ती वळून चरापाशी आली. काच खाली गेली, आतून गार हवेचा झोत आला. मागच्या सीटवर दोन बायका आणि लहान मुलं होती, मांडीवर डबे.

"काय हो बाबा," चालवणारा म्हणाला, "रस्ता चालू झाला वाटतं?"

लंकाबाई दगडावरून उठून उभी राहिली होती. मच्छिंद्रनं तिच्याकडं पाहिलं नाही. पिकअपसाठी बुजवलेली वाट या गाडीलाही तेवढीच पुरत होती.

"झाला," तो म्हणाला. आणि बाजूला होऊन, पाठ फिरवून, खोऱ्याला चिकटलेलं ते सगळं दगडावर घासून काढू लागला.