फोटोसाठी आवरलेली खोली

फोटो बघून खोलीचा आवाज ओळखायचा, हे माझं नागपुरातलं काम. भिंती किती लांब, जमीन फरशीची की सारवलेली, सामान आहे की मोकळं, हे आमचा प्रोग्राम फोटोत बघतो आणि तिथे बोललेला शब्द कसा घुमेल ते ठरवतो. मग साधं रेकॉर्डिंगही हेडफोनमध्ये त्याच खोलीत बसून ऐकल्यासारखं वाटतं. आईला हे कधी पटलं नाही. म्हणायची, "डोळ्यानं कोणी आयकते काय?"

खुब्याच्या ऑपरेशननंतर तिला मी सौंदडहून माझ्याकडे आणलं. डॉक्टर म्हणाले, चालायला लावा. पण ती पलंग सोडेना. वॉकर कोपऱ्यात पडून, त्यावर माझे टॉवेल वाळायचे. मी चिडायचे, मग एकटीच रडायचे. गावी शेजारच्या खोलीत राहणाऱ्या काकीशी, म्हणजे तिच्या धाकट्या जावेशी, फोनवर बोलूनही तिचं मन रमत नव्हतं.

म्हणून काकीकडून आईच्या खोलीचा फोटो मागवला. कशाला हवा ते सांगितलं नाही. काकीच्या रेकॉर्ड केलेल्या बोलण्याला त्या खोलीचा घुमारा दिला आणि आईच्या कानाला हेडफोन लावले.

तिचा चेहराच उतरला.

"आवाज एवढा घुमते कसा? माझी खोली रिकामी केली तुमी लोकायनं? मी वापस येत नाही असं ठरवलं काय?"

मी प्रोग्रामच्या माथी खापर फोडलं. मग फोटो उघडला. तोवर मी तो धड पाहिलाही नव्हता. बघायचं काम प्रोग्रामचं ना! नुसत्या चार भिंती होत्या. लगेच काकीला फोन लावला.

"अवं, फोटो काढाचा होता ना! असाच काढते काय कोणी? धानाचे पोते, गोधड्या, खाट, सगळं आंगणात नेलं. झाडून काढलं. चांगला नाही आला काय?"

"काकी, सगळं आत ठेव आणि पुन्हा काढ."

"पसाऱ्याचा फोटो? लोकं काय म्हणतीन वं?"

कुरकुरत का होईना, तिने दुसरा पाठवला. आईने पुन्हा ऐकलं, डोळे मिटून.

"हं. आता घरात बसून बोलून राहिली ते." डोळे उघडून तिने विचारलं, "माझी खाट हाय ना तिथं?"

मी फोटो दाखवला. खाट जागच्या जागी होती, वर घडी केलेली गोधडी. इतकं हायसं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

आईने पाय खाली सोडले.

"ते टॉवेल काढ वॉकरवरचे. खाट किती दिवस रिकामी ठेवाची?"