द्राक्षवाल्यांच्या ओट्यावर माझी बाटली

नाशकात वाइन सोडून दुसऱ्या कशाचं कौतुक केलं की लोक कीव आल्यासारखं बघतात. त्यात माझा धाकटा भाऊ दिंडोरीकडचा द्राक्षवाला. दरवर्षी हंगाम संपला की तो ओट्यावर चार बागायतदार जमवतो आणि स्वतः मुरवलेली वाइन पाजतो. त्या ओट्यावर दुसरी बाटली कधी आलेली नव्हती.

मध आणि माल्ट एकत्र आंबवलेलं पेय मी पहिल्यांदा प्यायले ते पुण्यात, मैत्रिणीच्या आग्रहानं. आधी भाकरीच्या पापुद्र्याचा खरपूसपणा आणि मग, घोट उतरल्यावर, मधाचा वास. मला नादच लागला. बँकेच्या कामानं जाईन त्या गावात विचारायचं. बहुतेक ठिकाणी वेटर गुपचूप बिअर आणून ठेवी. बंगळुरात मिळालं ते खोकल्याच्या औषधासारखं, गोव्यातल्याला ओल्या गोणपाटाचा वास. पण वाईट पिऊनही जीभ शहाणी होते. मला काय हवंय ते नेमकं कळलं, आणि ते मनासारखं कुठेच मिळेना.

"मीच करणार," मी भावाला सांगितलं, "आणि यंदा तुझ्या ओट्यावर ठेवणार."

तो पोट धरून हसला. "ताई, मधाचं चाटण दवाखान्यात शोभतं. जमलं तर ठेव. नाय जमलं, तर परत माझ्या वाइनला नावं ठेवायची नाय."

मी मुळात तिरसट. असं कोणी बोललं की माझी माघार नसते.

माल्ट म्हणजे तरी काय? मोड आणून वाळवलेलं धान्य. ते तर आमच्याकडे पूर्वीपासून आहे, बाळांना देतात ते नागलीचं, म्हणजे नाचणीचं, सत्त्व. आई कळवणची, भावाकडे राहते, तिच्या डब्यात ते कायम असतं. मग बाकीचे माल्टसाठी वापरतात ते जव कशाला मागवायचे? या कल्पनेवर मी इतकी खूश झाले की डबाच उचलून आणला, सत्त्व गरम पाण्यात कालवलं आणि गोडी उतरायची वाट बघत बसले. गोडी कसली, खळ झाली. पतंग चिकटवावेत अशी.

पुढे भावाकडे गेले तेव्हा आई नव्या सत्त्वासाठी मोडाची नागली कढईत भाजत होती. वास घेता घेता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पिठाची साखर करायची ताकद मोडात असते, आणि ती या कढईतच मरत होती! हे माझं मला सुचलं, म्हणून मुद्दाम सांगते.

आईकडे कोरी, न भाजलेली नागली मागितली. तिनं दिली, पण तोंड फिरवून. "लेकरांच्या तोंडचं धान्य, अन् त्याची दारू करती. मी हात लावायची नाय."

मोड मीच आणले. गच्चीत उन्हात वाळवले, वासापुरते मूठभर तेवढे भाजले. सगळं दळून गरम पाण्यात कालवलं. या वेळी त्यात बोट बुडवून चाटलं आणि स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. गोड! मग सुरगाण्याकडचा मध, यीस्ट, आणि बरणीत बुडबुडे.

हंगाम संपला. ओट्यावर सगळे द्राक्षवाले, आणि भावाच्या वाइनशेजारी माझी बाटली. भावानं आधी वास घेतला, मग एक घोट. त्यानं ग्लास पुढे केला. "अजून घाल."

त्याची वाइन तशीच राहिली आणि माझी बाटली लोकांत फिरू लागली. कोणीतरी विचारलं, कुठून आणली? भाऊ छाती फुगवून म्हणाला, "आमच्या घरची हाय."

"घरची नाही, माझी," मी सगळ्यांदेखत ठणकावलं. लाज कसली? मला अभिमानच वाटत होता.

तेवढ्यात आतून, चुलीपाशी बसलेल्या आईचा आवाज आला.

"नागली माझी हाय, ते पण सांग त्यांना!"