दहा रुपये बाकी

माझ्या मामाइतक्या अभिमानानं उधारी करणारा माणूस अख्ख्या रेवदंड्यात सापडायचा नाही. बाबा गेले तेव्हा घरात आईची सुक्या बोंबलांची पाटी सोडून कमाईचं काही नव्हतं. पाटी विकली नाही की रात्री पेज. माझ्या कॉलेजच्या फीची वेळ आली तेव्हा मामा उठला, बर्फवाला, जाळीवाला, वाणी सगळ्यांकडे गेला आणि छाती काढून म्हणाला, "भाचीच्या नावावर दे. ती शिकतेय, माझ्यासारखी अंगठाछाप न्हाय." मी अलिबागच्या वर्गात बसायच्या आधीच बाजारात माझी पत उभी राहिली.

मामा फेडायचाही, पण पुरतं कधीच नाही. शेवटचे दहा रुपये ठेवायचे, म्हणजे येणंजाणं राहतं, असं आमच्या बंदरावर सगळेच मानतात. मामा ते जरा जास्तच मानायचा. बाजारातून घरी यायला त्याला अर्धा दिवस लागे. जो तो थांबवून दहा रुपये मागायचा आणि मागता मागता चहा पाजायचा. त्या चहाचे पैसेही मग मामाकडे बाकी.

पदवी घेतली आणि संरक्षण खात्याच्या एका कार्यालयात माझी निवड झाली. कागद गोपनीय, म्हणून आधी चौकशी. फॉर्मात कर्जाच्या रकान्यात मी "नाही" लिहिलं. मामानं आपल्या मासेमारीच्या होडीच्या कमाईतून सगळं फेडलं असं मी धरून चालले होते. हवालदार घरी आले तेव्हा मी कॉलेजात दाखला आणायला गेले होते. मामानं त्यांना ओट्यावर बसवलं. "पोरीची चालचलणूक इचारता, साहेब? अख्खा बाजार तिला उधार देतो! शेवटच्या वर्षाची फी अजून तिच्या नावावर हाय. उगाच कोण दील काय?" हवालदारांनी मान डोलावली आणि तसंच वर कळवलं.

मला बोलावणं आलं. अधिकारी बाई शांतपणे म्हणाल्या, "कर्ज असणं गुन्हा नाही. पण देणेकऱ्याला कुणीही पैसे दाखवून कागद मागू शकतो. आणि तुम्ही तर ते लिहिलंच नाहीत." मी होतं तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि देणी मिटवून प्रत्येकाची सही आणायला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली.

मामा भडकला. "तुला कोण फोडणार? दहावीला मैत्रिणीला एक उत्तर दाखवलं न्हाईस तू!" दुसऱ्या दिवशी होडीवर इंजिन नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाला, "लय आवाज करायचं."

इंजिनाचे आलेले पैसे घेऊन आम्ही बाजारात निघालो. मोठी रक्कम सगळ्यांनी घेतली. शेवटचे दहा कुणी घेईना. बर्फवाला तर रुसलाच. "राहू दे की रं. तुटायचं हाय काय आपलं?" मामानं नोट त्याच्या हातात कोंबली, वरून मूठ दाबून धरली. "पोरीचं काम हाय. घे." बराच वेळ त्यानं ती मूठ सोडली नाही.

मंजुरी आली. मामा आता वल्ही मारत जातो. बाजारातून मात्र लगेच घरी येतो, कारण त्याला थांबवायला कुणाकडे निमित्त उरलेलं नाही. मी निघाले त्या दिवशी एसटी सुटता सुटता त्यानं खिडकीतून हात आत घातला. "दहा रुपये दे गो." दिले. खिशात घालत म्हणाला, "हे फेडणार न्हाय. मागायला यायला लागंल तुला."

हे माझं देणं नव्हे, येणं आहे. फॉर्मात लिहावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी रुजू झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर आणि पहिली सरकारी नोकर.