पालखीपुढचं गाऱ्हाणं

संदेश भुवड म्हणजे आमच्या वाडीतला सगळ्यात बोलका माणूस. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत पंपहाउसवर ऑपरेटर आहे. हा कंपनीच्या बसमध्ये चढला की मागच्या सीटवर डुलक्या घेणारेसुद्धा सावरून बसतात. बारसं असो की बारावं, याच्याभोवती चार माणसं जमलेली असणारच. अशा माणसाच्या घरी ऋतिका जन्मली. तिला जन्मापासून ऐकू येत नाही हे कळलं तेव्हा सारी वाडी हळहळली. संदेश मात्र हळहळला नाही, तो भडकला. आधी डॉक्टरवर, मग बायकोवर आणि शेवटी देवावर.

पुढे कानाला मशीन आलं. त्याने ऋतिकाला एसटीचा हॉर्न आणि फटाके कळायला लागले. शब्द काही कळले नाहीत. तेवढ्यात कुणीतरी संदेशच्या डोक्यात भरवलं की हातवाऱ्यांची सवय लागली की पोर तोंड उघडत नाही. झालं! घरात नियम लागू झाला, बोलायचं ते तोंडानेच. तो ऋतिकाला समोर बसवून ‘बाबा’ म्हणायला लावायचा. ती त्याच्या ओठांकडे बघत घाम येईपर्यंत झटायची आणि शेवटी रडायची. त्याची तिच्यावर माया नव्हती असं मुळीच नाही. खेडच्या बाजारातून तो तिच्यासाठी काहीतरी आणल्याशिवाय कधी यायचा नाही. पण ती माया पिशवीतून यायची, आणि बोलणं मात्र ती बोलेल तेव्हाच व्हायचं होतं.

आता गंमत बघा. पंपहाउसमध्ये एवढी घरघर असते की कानात बोळे घालूनच उभं राहावं लागतं. तिथे तोंडाने बोलून उपयोगच नाही. व्हॉल्व्ह उघड, प्रेशर वाढलंय, टाकी भरत आली, चहाला चल, सगळं हातानेच. म्हणजे हा गडी अख्खी पाळी हातांनी बोलायचा आणि बस वाडीच्या फाट्याला लागली की तेच हात खिशात घालायचा. हे त्याला कुणी दाखवून दिलं असतं तर तो चिडलाच असता.

त्याची बायको श्रद्धा कमी बोलणारी, पण मनाची पक्की. तिने ऋतिकाला मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत घातलं. तिथे मुलं आपापसात खुणांनी बोलायची. वर्षभरात ऋतिका अशी खुलली की सुट्टीत घरी आली की तिच्या हातांना उसंत नसायची. श्रद्धा त्या खुणा तिच्याकडूनच शिकली, रोजच्या व्हिडिओ कॉलवर. संदेशही कॉलवर यायचा. मोठ्याने “जेवलीस काय?” असं ओरडायचा आणि फोन बायकोच्या हातात द्यायचा.

आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवाची पालखी घरोघर फिरते. घरधनी आपलं मागणं सांगतो, गावचे मानकरी धोंडूतात्या त्याचं गाऱ्हाणं करून देवापुढे मोठ्याने घालतात आणि जमलेली मंडळी दर वाक्याला हात वर करून “व्हय म्हाराजा!” असा गजर करतात. संदेशचं मागणं दरवर्षी एकच. ऋतिकाला हा सोहळा जीव की प्राण, शाळेतून त्यासाठी ती घरी यायचीच. ढोल तिला पायांतून कळायचा. सगळ्यांचे हात वर गेले की तिचाही हात वर जायचा आणि ती ‘व्हय म्हाराजा’ ओरडायची. शब्द वेडेवाकडे निघायचे, पण आवाज सगळ्यांच्या वर. बायका कौतुकाने हसायच्या. आपण कशाला होय म्हणतोय, ते तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

यंदा ती अकरा वर्षांची झाली. पालखी अंगणात बसली, श्रद्धाने ओटी भरली आणि तात्यांनी सुरुवात केली.

“बारा गावच्या म्हाराजा! आज ह्या संदेशनं तुझी सेवा केली हाय. त्याच्या पोरीच्या कानाला ऐकू येऊ दे, तिच्या तोंडाला वाचा येऊ दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

ऋतिका नेहमीसारखीच ओरडली आणि मग आईचा पदर ओढून तिने खुणेने विचारलं, तात्या काय म्हणाले? श्रद्धाला ‘सगळ्यांना सुखी ठेव म्हणाले’ असं सांगून वेळ मारून नेता आली असती. पण लेकीशी खोटं बोलायचं नाही हे तिने ठरवलेलं होतं. तिने खरं ते सांगितलं.

ऋतिकाचा वर गेलेला हात खाली आला. तिने बापाकडे बघितलं आणि तिथेच, पालखीपुढे, तिचे हात भराभर चालायला लागले.

“काय म्हणत्येय गो पोर?” तात्यांनी विचारलं. श्रद्धाने नवऱ्याकडे बघितलं.

“सांग की. देवापुढं काय लपवायचा?”

“ती इचारत्येय,” श्रद्धा म्हणाली, “बाबांनी देवाकडं माझी तक्रार का केली? मी काय केलंय?”

ढोलवाल्या बाबल्याने काठी उगारली होती, ती तशीच राहिली. संदेशने घाईघाईने नारळ पुढे केला, कुणाला तरी “पाणी द्या रे” म्हणाला. पालखी उठली.

त्याला लाज वाटली. पहिली लाज चारचौघांत शोभा झाल्याची होती, आणि ती पालखी शेजारच्या अंगणात वळेपर्यंतच टिकली. नंतर जी वाटली तिचा माणसांशी संबंध नव्हता. आपण दरवर्षी लेकीला देवापुढे उभी करून ही नको, दुसरी दे म्हणत होतो, आणि ती आपल्याच सुरात होय म्हणत होती, हे त्याला कळलं. दुपारी तो ताट तसंच सारून उठला.

“तिला सांग, तक्रार नव्हती ती,” तो श्रद्धाला म्हणाला.

“तुमीच सांगा.”

“मला कुठं येतंय?”

“मग शिका. मास्तरीण मागल्या दारी बसली हाय.”

मागल्या दारी ऋतिका वाळत घातलेल्या काजूबिया परतत होती. त्याने सवयीने तिच्या पाठीमागून हाक मारली. इतकी वर्षं झाली, तरी मागूनच! मग ओशाळून तो तिच्या समोर जाऊन उकिडवा बसला. सुरुवात कुठून करावी ते कळेना, म्हणून त्याने दारात उभ्या असलेल्या श्रद्धाकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. हिला काय म्हणतेस?

ऋतिकाने जरा संशयाने बघितलं. मग हनुवटीवर बोट टेकवलं. श्रद्धाला तिथे तीळ आहे. या मुलांच्या बोलीत प्रत्येक माणसाला असं नाव असतं, त्याच्यात जे पटकन दिसतं त्यावरून ठेवलेलं. संदेशनेही हनुवटीला बोट लावलं. तात्यांचं नाव तिने मिशा पिळून सांगितलं, बाबल्याचं हवेत काठी मारून. संदेशने दोन्ही तशीच करून दाखवली. काठी चुकली तेव्हा तिने त्याचं मनगट धरून सरळ केलं आणि ती हसली. त्याला फार बरं वाटलं. मग त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

ऋतिका हसायची थांबली. तिने आईकडे बघितलं. त्याने पुन्हा छातीवर बोट ठेवलं. तेव्हा तिने आपला तळहात सरळ त्याच्या तोंडासमोर धरला.

“थांब म्हणत्येय?” त्याने श्रद्धाला विचारलं.

“नाय. ता तुमचा नाव. तिनं बोलाय हात उचललेन की तुमी असाच करता ना.”

“कधीपासून हाय हे?”

“पयल्यापासून. शाळेतली पोरं पण तुमाला ह्याच नावानं वळखतात.”

ऋतिकाने हात खाली घेतला नव्हता. बाकीची नावं बाबांनी लगेच करून दाखवली होती. हेही ते करून दाखवतील म्हणून ती त्यांच्या हाताकडे बघत थांबली होती.