साडेचोवीस इंच

अय्युबभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणखेड्याच्या घरी ओट्यावर मेथी निवडत बसले होते. त्यांची मुलगी नसरीन बोलत होती. "मॅडम, अब्बा..." एवढंच म्हणाली आणि तिने फोन पुढे केला. पुढचं तिच्या नवऱ्याने सांगितलं. दुपारचं जेवून ते दुकानात गेले, तासभर रंधा मारला, "जरा बसतो" म्हणून भिंतीला टेकले आणि उठलेच नाहीत. मी रिक्षाने शहाद्याला पोचले तर गल्ली माणसांनी भरून गेली होती. जनाजा घराबाहेर निघाला तो सरळ, सपाट, कुणाला खांदा वाकडा करावा लागला नाही की खाट तिरपी करावी लागली नाही. माझ्याशेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाई हळूच म्हणाल्या, "दार मोठं करी ठेयेल व्हतं ना त्यानी... जुबेदाकरता." या गोष्टीला सहा आठवडे झाले. त्या दाराबद्दल, आणि त्या दारापायी आम्ही तिघांनी केलेल्या एका प्रवासाबद्दल लिहावंसं वाटतंय.

अय्युबभाई सुतार. शहादा तालुक्यात निम्म्या गावांतून त्यांच्या हातच्या चौकटी आणि दारं असतील. माझं घर बांधलं तेव्हा दारं त्यांनीच केली, म्हणून ओळख झाली. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्या काळात त्यांची बायको, जुबेदाभाभी, कपडे शिवायच्या. माझे ब्लाउज त्यांच्याकडे, दारं यांच्याकडे, असा आमचा दुहेरी संबंध. अय्युबभाई बोलायचे कमी आणि मोजायचे जास्त. लाकूड एकदा मोजून त्यांचं कधी भागलं नाही. कुणी घाई केली तर कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवायचे, बस, तोच त्यांचा राग.

सहा वर्षांपूर्वी जुबेदाभाभींच्या मणक्याचं दुखणं वाढत गेलं, ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण पाय गेले. चाकांची खुर्ची घरी आली आणि पहिल्याच दिवशी अय्युबभाईंच्या लक्षात आलं की ती त्यांच्याच हातच्या एकाही दारातून जात नाही. स्वयंपाकघराचं अरुंद, न्हाणीचं त्याहून अरुंद, आणि प्रत्येक दाराला हौसेने कोरलेला उंच उंबरा. ते मला नंतर म्हणाले होते, "मॅडम, चाळीस वरीस मी दारं करात. लोके आत येवोत म्हणीसन करात. आते कळनं, कितला जणसले मी बाहेरच ठी दिधं." त्यांनी आधी स्वतःच्या घरातल्या चौकटी काढल्या. मग गल्लीतल्या ज्या ज्या घरी जुबेदाभाभींचं येणंजाणं होतं तिथे गेले, हात जोडून म्हणाले, तुमचा उंबरा कापू द्या, दार नीट करून देतो. सात घरांनी होकार दिला. कामाबद्दल एक कप चहापलीकडे त्यांनी काही घेतलं नाही.

पण जुबेदाभाभी त्या सात घरांच्या पुढे जायला तयार नव्हत्या. त्याला कारण होतं. एका लग्नात मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांवरून चार पुरुषांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर नेलं होतं. मनाने सगळे चांगलेच, पण कुणी म्हणालं "सांभाळ रे, वजन शे", आणि खाली उभी असलेली मुलं हसली. त्या दिवसापासून त्यांनी बाहेर जाणं सोडलं. "मी काय कपाट शे?" एवढंच त्या माझ्याशी बोलल्या होत्या.

अशा बाईला जहाजावर न्यायचं हे अय्युबभाईंच्या डोक्यात कुठून आलं? भाभींचे नाना, म्हणजे आईचे वडील, फार पूर्वी मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. पाण्यावर चालणारं गाव, असं ते लहानग्या जुबेदाला सांगायचे. लग्नानंतर त्यांनी नवऱ्याला ती गोष्ट कितीदा सांगितली असेल कोण जाणे, पण अय्युबभाईंनी ती लक्षात ठेवली होती. गेल्या वर्षी कोचीहून लक्षद्वीपकडे जाऊन परत येणाऱ्या एका मोठ्या जहाजाची माहिती त्यांच्या जावयाने मोबाइलवर दाखवली. दोन रात्रींची सफर. जहाजावर चाकांच्या खुर्चीसाठी रुंद दाराची खोली होती, उतार होता, लिफ्ट होती. बेटावर उतरता येणार नव्हतं, पण भाभींना बेट नकोच होतं. त्यांना जहाज हवं होतं. अडचण एकच होती. गाडी आदल्या दिवशी सकाळी पोचणार आणि जहाजावर दुसऱ्या दिवशी चढायचं. मधला एक दिवस आणि एक रात्र त्या अनोळखी बंदराच्या शहरात कुठे काढायची?

अय्युबभाई फोन आणि मोजायची टेप घेऊन माझ्याकडे आले. "मॅडम, तुम्हले इंग्रजी येस. हॉटेलवालासले विचारानं शे." मला वाटलं अर्ध्या तासाचं काम. आठ दिवस लागले! रोज चारच्या सुमारास ते शहाद्याहून सायकलने यायचे, मी फोन लावायचे आणि ते समोर बसून एकेक प्रश्न द्यायचे. पलीकडचा माणूस सांगायचा, खोलीतून समुद्र दिसतो, नाश्त्याला चाळीस पदार्थ असतात. अय्युबभाई म्हणायचे, "विचारा, न्हाणीनं दार कितलं इंच शे?" पलीकडून "इंच?" मग हसू. मग ठरलेलं उत्तर, स्टँडर्ड साइज, नो प्रॉब्लेम. "स्टँडर्ड म्हणजे कितलं?" हे विचारलं की फोन दुसऱ्याकडे जायचा. एकाने पोहण्याच्या तलावाचा फोटो पाठवला. एकाने मोठ्या अभिमानाने प्रवेशाजवळच्या उताराचा फोटो पाठवला. अय्युबभाईंनी तो जवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "हाऊ तर तोरणमाळना घाट शे!" तेवढं एकदाच मी त्यांना मोठ्याने हसताना ऐकलं.

त्या आठ दिवसांत मी एक गोष्ट शिकले. जिला घाईचं "हो" मिळालं की समाधान होतं, ती मी. ज्याला आकडा मिळेपर्यंत होत नाही, ते अय्युबभाई. त्यांनी माझ्या अंगणात खडूने न्हाणीघर आखलं. इथे संडासचं भांडं, इथे नळ, इथे दार. एका लाकडी खोक्याला खुर्ची मानून ते वळवून बघितलं. भाभींची खुर्ची चाकांसकट पंचवीस इंच रुंद. "हात घासाले नको," असं म्हणून दोन्ही बाजूंना थोडी जागा धरली. मला मनातून कंटाळा आला होता, खोटं कशाला सांगू. बंदरासमोरच्या एका भव्य हॉटेलने सगळ्याला "येस मॅडम" म्हटलं होतं. त्यांना न सांगता मी तिथे एक खोली राखून ठेवली.

आठव्या दिवशी जुन्या वस्तीतल्या एका लहान मुक्कामघराला फोन लागला. ॲनम्मा नावाच्या वयस्कर बाई ते चालवत होत्या. मी प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "थांबा." फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, चपलांचा आवाज लांब गेला, कुठेतरी खण उघडला... पाच मिनिटांनी चपला परत आल्या. "साडेचोवीस इंच," त्या म्हणाल्या. "तुमची खुर्ची किती?" मी सांगितलं. "मग नाही जाणार. मला वाईट वाटतं. बाहेर एक पायरी आहे, चार इंचांची, तिथे मी फळी टाकू शकते. पण न्हाणीचं दार कमी पडतंय." मी आभार मानून फोन ठेवणार, तोच अय्युबभाईंनी हात वर केला. "हाईच घर."

"अहो, अर्धा इंच कमी पडतोय!"

"तिनी ऊठीसन मोजं, मॅडम. मंग नही म्हणनी. बाकीना बठ्ठा जागेवर बसीसन हो म्हणनात. दार कमी पडनं तर मी काढी टाकसू. खोटं कशं काढसू?"

मग त्यांनी मला समजावलं. दार उघडं असलं तरी पल्ल्याची, म्हणजे दाराच्या झडपेची, जाडी वाटेत येते, दीड इंच खाते. बिजागऱ्यांतून पल्लाच उतरवला की तेवढा दीड इंच मोकळा. साडेचोवीसचे सव्वीस. पडदा लावायचा. ॲनम्मांना विचारा, पल्ला उतरवू देतील का, निघताना जसाच्या तसा बसवून देईन. मी विचारलं. पलीकडून त्या म्हणाल्या, "तुमचे भाऊ सुतार आहेत का? मग माझी खिडकी पण घट्ट बसलीय, तीही बघा म्हणावं."

इंग्रजी बोलायला म्हणून मीही त्या दोघांसोबत निघाले. नंदुरबारहून सुरत, सुरतहून कोची. गाडीत चढवता-उतरवताना उचलणं टळत नव्हतं. अय्युबभाई एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने, आम्हीच उचलायचो, हमालाला ते हात लावू द्यायचे नाहीत. दीड दिवसाच्या त्या प्रवासात एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. भाभी पाणी पीत नव्हत्या. ओठ ओले करायच्या आणि बाटली परत द्यायच्या. मी आग्रह केला तर म्हणाल्या, "पाणी पिधं की जानं पडी. कठे जाऊ?" अय्युबभाई खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी ते ऐकलं होतं, आणि मला वाटतं, कितीतरी आधीपासून त्यांना ते माहीत होतं. न्हाणीच्या दाराचे ते आठ दिवस मला तिथे, त्या गाडीत कळले.

कळूनही मी शहाणी झाले नाही. स्टेशनवरून टॅक्सीने जाताना मी माझी लबाडी कबूल केली आणि ते भव्य हॉटेल वाटेतच आहे, नुसतं बघून घेऊ म्हटलं. टॅक्सी थांबली. संगमरवरी नऊ पायऱ्या. गणवेशातली दोन उमदी माणसं धावत खाली आली, भाभींकडे बघून हसली आणि हिंदीत म्हणाली, "कोई बात नहीं, हम उठा लेंगे." भाभींनी टॅक्सीच्या दाराची कडी घट्ट धरली. चेहऱ्यावर काही नव्हतं, नुसती ती बोटं पांढरी पडली होती. अय्युबभाई शांतपणे उतरले, त्या दोघांशी हात मिळवला आणि म्हणाले, "भाई, इनको उठाना नहीं है. इनको जाना है." मग टॅक्सीत बसले. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी पुन्हा कानावर ठेवली. बोलले असते तर बरं झालं असतं.

ॲनम्मांनी पायरीवर फळी टाकून ठेवली होती, ती हलू नये म्हणून खाली विटा लावल्या होत्या. भाभींनी स्वतःच्या हातांनी चाकं फिरवली आणि स्वतःच आत गेल्या. अय्युबभाईंनी पिशवीतून पेचकस काढला. दहा मिनिटांत न्हाणीचा पल्ला भिंतीला टेकवून ठेवलेला होता आणि दारात भाभींची जांभळी ओढणी पडद्यासारखी लटकत होती. भाभी खुर्ची घेऊन दारातून गेल्या. दोन्ही बाजूंना बोटभरही जागा नव्हती, पण घासली नाही. ओढणीचा पडदा त्यांच्यामागे पुन्हा सरळ लटकला. आम्ही दोघं बाहेर उभे. आतून नळाचा आवाज आला, मग बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. अय्युबभाई खिडकीकडे वळले आणि ॲनम्मांची ती घट्ट बसलेली खिडकी तपासू लागले. त्यांना डोळे पुसायचे होते, हे मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

बाहेर आल्यावर भाभींनी पाणी मागितलं. एका दमात तांब्या रिकामा केला आणि म्हणाल्या, "अजून दे."

जहाजाबद्दल थोडंच सांगण्यासारखं आहे, कारण तिथे काही अडलंच नाही. अडलं ते अय्युबभाईंचं. किनारा दिसेनासा झाला आणि त्यांना बोट लागली. दोन दिवस ते खोलीत आडवे. भाभी मात्र रुंद वाटांवरून सुसाट हिंडत होत्या, डेकवरच्या वाऱ्यात बसत होत्या, जेवणघरातून लिंबू मागून आणून नवऱ्याला चोखायला देत होत्या. "ऊठा ना, समुद्र देखा," असं त्या म्हणायच्या आणि ते डोळे मिटून म्हणायचे, "तू देख. माले ईसन सांग." भाभींनी खरंच दर तासाला येऊन सांगितलं. पाण्याचा रंग, उडणारे मासे, दुसरं जहाज. इतकं बोलताना मी त्यांना सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. परतीच्या वाटेवर पल्ला पुन्हा बसवायला आम्ही ॲनम्मांकडे थांबलो, तर त्या म्हणाल्या, राहू द्या तसाच, त्या खोलीला मी पडदाच ठेवणार आहे. खिडकी मात्र अय्युबभाईंनी रंधून दिली. बोट उतरली नव्हती, तरी.

गेल्या आठवड्यात भाभींना भेटायला गेले. त्या इद्दतीत आहेत, नवऱ्यामागचे चार महिने दहा दिवस घराबाहेर जात नाहीत. आम्ही दोघी आतल्या खोलीत बसलो होतो. थोडं रडून झालं, चहा झाला. मग त्या म्हणाल्या, नसरीनने विसरवाडीत नवीन घर भाड्याने घेतलंय, इद्दत संपली की चार दिवस ये म्हणते. मला वाटलं, आता नाही म्हणतील. कारण आता न्यायला कोण आहे?

त्यांनी माझ्या देखत फोन लावला. आवाज कोरडा होता, पण घाई नव्हती.

"नसरीन, टेप ले. हां, अभी. न्हानी का दरवाजा पूरा खुला रख, फिर नाप... नहीं, अंदाज से मत बोल, बेटा. उठ के जा. मैं रुकती हूँ."

फोन कानाला लावून त्या थांबल्या. पलीकडे बराच वेळ गेला. मग नसरीनने काहीतरी सांगितलं. भाभींनी ते एकदा पुन्हा विचारलं, खात्री केली आणि म्हणाल्या,

"ठीक है. मैं आती हूँ."